बसून पाहिले

कारखान्याचं दार उघडलं तेव्हा आत गाणं नव्हतं. ताईला आधी तेच खटकलं.

पाच आठवडे ती लेकीकडे होती, बाळंतपणाला. पदराला अजून बाळाच्या दुधाचा वास होता, डोळ्यांत जागरणं साचली होती. तरी गाडीतून उतरल्यावर पाय घराकडे न वळता इकडे वळले. कारखाना म्हणजे तरी काय, गल्लीच्या टोकाला पत्र्याचं छप्पर, कापायचं एक यंत्र, चार लांब टेबलं आणि भिंतीला टेकवलेले पुठ्ठ्याचे थर. इथे पुठ्ठ्याची स्टुलं, टेबलं, पुस्तकांचे कप्पे होत. खिळा नाही, स्क्रू नाही, डिंकाचा थेंब नाही. खाचेत खाच बसली की झालं. एका हातानं उचला, घर बदललं तर घडी करून काखेत मारा, आणि जुनं झालं की रद्दीत द्या. त्याचाच पुन्हा कागद होतो, कागदाचा पुन्हा पुठ्ठा.

घड्या घालायला चार बायका होत्या. त्यांच्या हातांना ताईनं चार वर्षांपूर्वी एक गाणं लावून दिलं होतं.

पहिली गं घडी, कडेला कड
दुसरी गं घडी, उभ्यानं चढ
तिसरी गं घडी, खाचेत शीर
बस माझ्या बाई, घटकाभर धीर

गाणं करमणुकीसाठी नव्हतं. पुठ्ठ्याच्या दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद असतो. त्याच्यामुळे पोटात बारीक नळ्यांची रांग तयार होते. त्या नळ्या उभ्या राहिल्या तर एकेक नळी खांब होते आणि सगळ्या मिळून माणूस पेलतात. त्याच नळ्या आडव्या पडल्या तर वजनाखाली चेपत जातात, आधी एक, मग तिच्या शेजारची. म्हणून 'उभ्यानं चढ' म्हणताना बायकांची बोटं पुठ्ठ्याच्या वरच्या कडेवरून फिरत, नळ्यांची तोंडं आभाळाकडे आहेत ना ते चाचपत. डोळ्याला दिसायच्या आधी बोटांना चूक कळे.

आज चौघी मुक्यानं घड्या घालत होत्या.

"काय गं, घसे बसले का सगळ्यांचे एकदम?"

"आलीस ताई?" चष्मेवाली म्हणाली. चौघींत ती सगळ्यांत जुनी. "काय झालं, नात का नातू?"

"नात. गाणं का बंद?"

"बंद कुठं? आपलं... मधेच आठवत नाही."

"चार वर्षं म्हणतेस आणि आठवत नाही?"

चष्मेवालीनं चष्मा काढून पदरानं पुसला. चष्मा स्वच्छच होता. "दुसऱ्या घडीला जीभ अडते, ताई. हात एक करतात, तोंड दुसरंच बोलतं. मग म्हटलं, नकोच ते."

ताईनं टेबलावरची एक फळी उचलली, स्टुलाच्या पायाची. वरच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड बंद होती, गुळगुळीत, मिटल्या ओठासारखी. नळ्यांची तोंडं डाव्या-उजव्या बाजूला उघडत होती. तिनं दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्या तशाच.

तिच्या पायांत काहीतरी पेटलं आणि वर चढत गेलं.

"कधीपासून?"

चौघींनी एकाच वेळी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

आत धाकटा होता. ताईचा सख्खा भाऊ, तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. अंगानं इतका सडसडीत की लहानपणापासून त्याला घरात 'काड्या' म्हणत. संगणकाच्या पडद्यावर मालाची चित्रं काढायचं काम त्याचं, पुठ्ठ्याच्या जातीपातीची समज हिची. बावीस वर्षं तिनं खोक्यांच्या मोठ्या कारखान्यात काढली होती. टिचकी मारून पुठ्ठा ओला का कोरडा ते सांगे.

"अगं, आजीबाई झालीस ना तू," तो हसत उठला. "फोटो दाखव की."

तिनं फळी त्याच्यासमोर आपटली. "नळ्या झोपल्यात."

त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "हं. ते कापायचा साचा पाव फेरा फिरवला मी. एका पुठ्ठ्यात सहा फळ्या बसायच्या, आता आठ बसतात. नासाडी बघ किती कमी झाली. आपणच सांगतो ना लोकांना, झाड वाचवा म्हणून."

"झाडाला मधे आणू नकोस. किती झाली अशी?"

"चाळीस."

"कुणाची?"

तो पडद्याकडे वळला. तिनं पडद्याचं बटण बंद केलं.

"बायकांच्या दवाखान्याची," तो म्हणाला. "नवीन खोली झाली ना त्यांची, थांबायची. घाई होती त्यांना. काल पोचवली."

बायकांचा दवाखाना. ताईच्या डोळ्यांसमोर लेक आली, नवव्या महिन्यातली, पाठ धरून बसलेली, दर दहा मिनिटांनी कूस बदलणारी.

"आणि शिक्का?"

या एका प्रश्नावर धाकट्यानं मान खाली घातली.

शिक्क्याची गोष्ट अशी होती. ताई अंगानं भरभक्कम. लहानपणापासून कुठे खुर्ची करकरली की सगळे आधी तिच्याकडे बघत. सासरी तिच्यासाठी वेगळा पाट काढून ठेवलेला असे, लाकडी, जाड, आणि तो आणताना कुणीतरी हसे. या कारखान्यात पहिल्यांदा तिच्या वजनाला कुणी काम दिलं, आणि ते काम तिनं स्वतःच दिलं होतं. तयार झालेल्या प्रत्येक स्टुलावर ती बसे. बसून चार ओळींचं गाणं दहा वेळा म्हणे. मग उठून स्टूल उलटं करी आणि बुडाला निळ्या शाईचा शिक्का मारी: बसून पाहिले. गिऱ्हाईकं स्टूल उलटं करून आधी तो शिक्का शोधत. आयुष्यभर जे अंग चोरून वावरली, त्या अंगाचा तो शब्द होता.

"मारला," धाकटा म्हणाला. "पण खोटा नाही मारला. मी बसलो प्रत्येकावर."

"तू?"

"हो."

"तू बसतोस म्हणजे ओला टॉवेल वाळत घातल्यासारखं. गाणं म्हटलंस?"

"ताई, गाण्यानं काय होतंय? टिकलं ना ते."

"गाण्यानं वेळ जातो, मूर्खा. वेळ जायलाच हवा त्यात." तिनं टेबलाच्या खणातून शिक्का काढला आणि पिशवीत, लेकीनं दिलेल्या शालीच्या घडीत, खुपसला. "गाडी काढ."

"आत्ता? अगं, त्यांना तोंड काय दाखवणार?"

"तोंड नसेल तर ते इथंच ठेव. बाकीचा चल."

सामान पोचवायची तीनचाकी धाकट्यालाच चालवता येई. वाटभर तो बोलत राहिला. चाळीस स्टुलं परत आणली तर नाव जाईल, पुन्हा कोण काम देईल, सहा महिन्यांनी ती बदलायचीच असतात, तोवर काही होत नाही. ताई बाहेर बघत होती. एका वळणावर फक्त म्हणाली, "हळू. माझा राग सांडेल." त्याला वाटलं ती थट्टा करतेय, म्हणून तो हसला. मग तिच्याकडे बघून त्यानं वेग कमी केला.

दवाखान्याची खोली ताज्या रंगाची होती. चार ओळींत चाळीस स्टुलं, आणि त्यांवर पंचवीस-तीस बायका. कुणाला पाचवा महिना, कुणाला आठवा, कुणाचं पोट अजून स्वतःलाच ठाऊक. खिडकीशी एक टेबल, टेबलाशी नंबर देणारी सिस्टर.

ताई दारातच म्हणाली, "बायांनो, उठा जरा सगळ्या."

"का? कोण मोठं येतंय?" पहिल्या ओळीतली एक म्हणाली. तिचे पाय घोट्यापासून सुजलेले होते, चपलांचे पट्टे सोडून ठेवलेले.

"कुणी येत नाही. ही स्टुलं धड नाहीत. आमचीच आहेत, म्हणून सांगते."

"अहो मावशी, कालपर्यंत भिंतीला टेकून उभ्या होतो आम्ही. आज कुठं बूड टेकलं तर तुम्ही उठवायला आल्या."

"पडशील."

"चांगलं बोला की जरा," मागून कुणीतरी फणकारलं. "पोटुशीला पडशील म्हणतात होय?"

सिस्टर उठून आली. "मावशी, काय गोंधळ आहे? सकाळपासून बसल्यात या. काही झालेलं नाही."

धाकट्याला ती फट दिसली. "तेच सांगतोय मी, सिस्टर. आमच्या ताईला काळजी फार. बघा." तो एका रिकाम्या स्टुलावर जाऊन बसला. बसल्या बसल्या दोनदा उसळला. स्टूल हू की चू करीना. "झालं समाधान?"

सगळ्या बायका ताईकडे बघू लागल्या. त्या नजरा तिच्या ओळखीच्या होत्या: आधी तोंडाकडे, मग अंगाकडे. एकीनं शेजारणीच्या कानात काही सांगितलं, शेजारीण खुसखुसली. ताईच्या मानेवर घाम आला. तिला वाटलं, मी स्वतःच बसावं, एका झटक्यात खाली जाईल. पण मग काय म्हणतील? एवढी बाई बसली, मोडणारच. तिच्या शरीराची साक्ष आज तिच्याच विरुद्ध गेली असती.

"बसून राहा," ती धाकट्याला म्हणाली.

"बसलोय की."

"बसून राहा म्हटलं." ती सुजलेल्या पायांच्या बाईकडे वळली. "तुला मागच्या खेपेला किती वेळ लागला आत जायला?"

"अडीच तास. सकाळी उशीर झाला तर तीन."

"ऐकलंस? सिस्टर, याला नंबर द्या."

सिस्टरनं तिच्याकडे नीट बघितलं. वीस वर्षं बायकांच्या रागाशीच तिची गाठ होती. कुठला राग पोकळ आणि कुठला भरीव ते तिला कळत असावं. तिनं टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक चिठ्ठी फाडली आणि धाकट्याच्या हातात दिली. "एकतीस. आत्ता सातवा नंबर आत आहे. आणि बाकीच्या उठा. जुने लोखंडी बाक मागं पडलेत, ते आणायला सांगते."

"ते गंजके?"

"गंजके, पण पडत नाहीत."

रखवालदारानं आणि ताईनं मिळून सहा बाक आत आणले. बायका कुरकुरत तिकडे सरकल्या, दाटीवाटीनं, मांडीला मांडी लावून. मधल्या मोकळ्या जागेत पुठ्ठ्याची स्टुलं, आणि त्यांत एकावर एकटा काड्या, हातात चिठ्ठी.

"कितवा महिना, दादा?" बाकावरून कुणीतरी विचारलं.

खोली फुटली हसण्यानं. धाकट्याचे कान लाल झाले.

"पहिलटकर दिसतायत. घाबरलेत बघ."

"घरून कुणी आलंय का सोबत?"

"ही काय, मोठी बहीण आलीय."

ताई हसली नाही. ती त्याच्या समोर भिंतीला टेकून उभी राहिली. नवव्या नंबरला त्यानं फोन काढला, अकराव्याला ठेवला. बाराव्याला हळूच म्हणाला, "ताई, लाज काढलीस माझी. घरात बोलली असतीस तर ऐकलं असतं."

"शिक्का का मारलास?"

"शिक्क्याशिवाय त्यांनी घेतलीच नसती."

"म्हणजे तुला ठाऊक होतं. लोक स्टुलावर बसत नाहीत, शिक्क्यावर बसतात."

"तू नव्हतीस. मी काय करू? काम थांबवू?"

"थांबवायचं."

"पाच आठवडे?"

"पाच आठवडे. माझी पोर अशाच खोलीत बसली होती, काड्या. कुणाच्या तरी खुर्चीवर. ती खुर्ची करणाऱ्याचं तोंड मला माहीत नाही. मी तिच्याशेजारी निवांत डुलकी काढली, कारण मला वाटलं, कुणीतरी बसून पाहिलं असेल."

आतून चौदावा नंबर पुकारला गेला.

सोळाव्याला त्याची पाठ वाकली. अठराव्याला तो कूस बदलायला लागला. एकोणिसाव्याला एक आवाज झाला, वाळलं पान पायाखाली यावं एवढाच. बाकांवरच्या बायका बोलत होत्या, त्यांना ऐकू आला नाही. या दोघांना आला. धाकट्यानं ताईकडे बघितलं. ताईनं त्याच्याकडे बघितलं.

"उठू?"

"तुझा नंबर आलाय का?"

त्यानं तळवे जमिनीवर रोवले आणि मांड्यांवर जोर घेतला, बसल्यासारखं दिसेल पण भार पडणार नाही असा. लहानपणी वजनकाट्यावर उभा राहताना असाच भिंतीला हात लावून खोटं वजन दाखवायचा तो. ताई तोंड उघडणार तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"दादा, पाय सैल सोडा की." सुजलेल्या पायांची बाई त्याच्याकडेच बघत होती. आता ती हसत नव्हती. "आमचे पाय बघितलेत का? आम्ही कुठून जोर आणायचा?"

खोली हळूहळू गप्प झाली. एकेक बाई वळून बघायला लागली. धाकट्यानं पाय सैल सोडले. चप्पल एका पायातून सुटून पडली, ती त्यानं उचलली नाही. चिठ्ठी मुठीत चुरगळली होती. विसावा नंबर आत गेला, बाहेर आला. एकविसावा गेला. आता आवाज सगळ्यांना ऐकू येत होता: पान, मग दोन पानं, मग कुणी कोरड्या पाचोळ्यातून जपून चालत यावं तसा. स्टुलाच्या डाव्या पायाला आडवी सुरकुती पडली. तिच्याखाली दुसरी.

"ताई."

"बस."

"ताई, जातंय हे."

"मला दिसतंय."

मोडलं नाहीच ते. मोडण्यात निदान एक फटका असतो, माणूस सावध होतो. हे खचलं. डावा पाय मुकाट्यानं आपल्याच घडीत बसला, आणि धाकटा कुशीवर, कोपरावर, मग पाठीवर आला. डोकं टाइलला लागलं. फार जोरात नाही. पण त्या खोलीतल्या प्रत्येक बाईचा हात स्वतःच्या पोटावर गेला.

जवळच्या बाकावरची, दिवस भरत आलेली एक जण त्याला हात द्यायला वाकू लागली. ताईनं तिचा खांदा धरला. "तू वाकू नकोस. त्याला येतं उठता."

ताई स्वतःही वाकली नाही. ज्या पोराला तिनं कडेवर घेऊन वाढवलं, तो तिच्या पावलांपाशी पडला होता, आणि तिचे दोन्ही हात पिशवीच्या बंदाला घट्ट धरून होते. ते सुटले असते तर त्याला उठवायला गेले असते का मारायला, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

तो उठून उभा राहिला. कोपर सोलवटलं होतं. चेपलेलं स्टूल कलंडून उताणं पडलं होतं आणि बुडाचा निळा शिक्का छताकडे बघत होता.

सुजलेल्या पायांच्या बाईनं मान वाकडी करून वाचलं. "बसून पाहिले." मग वर बघितलं. "कुणी?"

सगळा दवाखाना ताईच्या तोंडाकडे बघत होता, आणि ती धाकट्याकडे.

"मी," धाकटा म्हणाला. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाला. "मी मारला. ताई इथं नव्हती. साचा मी फिरवला, शिक्काही मीच मारला."

"आणि तुमच्या बायकोला बसवलं असतं का यावर?"

तो सुटून पडलेली चप्पल शोधायला लागला. कुणी त्याची सुटकाही केली नाही.

उरलेली एकोणचाळीस स्टुलं त्यानं एकेक करून उलटी केली. प्रत्येकाचा शिक्क्याचा तुकडा ताईनं त्याला हातानं फाडायला लावला. कात्री मागितली तर नाही म्हणाली. पुठ्ठा हाताला सहजी फाटत नाही. तिसाव्या स्टुलाला त्याच्या नखांतून रक्त आलं. मग त्यानं सगळी स्टुलं मोडून सपाट केली आणि पाठीवर घेऊन गाडीत भरली, सात खेपांत, त्या सगळ्या बायकांच्या समोरून.

शेवटच्या खेपेला सिस्टरनं सवयीनं पुकारलं, "एकतीस."

"जा," बाकावरून कुणीतरी म्हणालं. थट्टा नव्हती त्यात. "नंबर आला तुमचा."

धाकटा टेबलापाशी गेला. चुरगळलेली चिठ्ठी त्यानं तळहातानं सरळ केली आणि ठेवली. "सिस्टर, पंधरा दिवसांत दुसरी आणून देतो. नीट केलेली."

सिस्टर त्याच्याकडे न बघता ताईकडे बघून म्हणाली, "बसून कोण बघणार?"

"मी बघीन," ताई म्हणाली. "इथंच, या बायांसमोर. एकेकावर दहा वेळा गाणं होईपर्यंत. आणि तेवढा वेळ हा माझ्यासमोर उभा राहील. चाळिसाव्या स्टुलापर्यंत."

"गाणं कसलं हो, मावशी?" सुजलेल्या पायांच्या बाईनं विचारलं. "म्हणा की. आमची औषधं मिळायला अजून वेळ आहे."

ताईच्या ओठांवर पहिली घडी आली होती. पण धाकटा दारात उभा होता, पाठीला पुठ्ठ्याची धूळ, आणि त्याच्याकडे बघून तिनं ओठ मिटले.

"त्या दिवशी ऐका," ती म्हणाली. "आज माझ्या तोंडून ते गोड निघणार नाही."

बाहेर गाडीत त्यानं पुढचं दार तिच्यासाठी उघडून धरलं. ती मागं गेली, मोडक्या स्टुलांच्या थरावर चढून बसली. तिच्या वजनाखाली आडव्या नळ्या वाटभर चेपत राहिल्या, आणि पुढे बसलेल्या त्याला प्रत्येक आवाज ऐकू जात होता.